व्हीएममधल्या डेबियनची आपली पुस्तिका: जुनी पानं काढायची की ठेवायची?

वावरातला_पेंग्विन | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, विंडोज न उडवता व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्रॅम) डेबियन हे लिनक्स कसं चालवायचं, याची आपली विकीवरची मराठी पुस्तिका आता इतकी फुगली आहे की नवा माणूस ती उघडून जास्तच गोंधळतो. ‘स्क्रीन काळी राहते’ या एकाच तक्रारीवर तीन पानं आहेत. एक म्हणतं व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा. दुसरं म्हणतं ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवा. तिसरं म्हणतं व्हर्च्युअलबॉक्सचे जादा ड्रायव्हर, म्हणजे गेस्ट अ‍ॅडिशन्स टाका. तिन्ही उपाय कुठे ना कुठे चाललेच असतील, पण कोणत्या मशीनवर आणि कोणत्या आवृत्तीवर, ते एकाही पानावर नाही. त्यात एक जण दुपारी पान दुरुस्त करतो आणि दुसरा रात्री ते परत जुन्यासारखं करून ठेवतो.

माझं म्हणणं असं. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधीचं सगळं काढून टाकू. प्रत्येक पानाला एक माणूस नेमू आणि त्याला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी दारव्ह्याकडे क्लास चालवतो, पोरं पहिल्या पानावरच अडकतात आणि मग माझा फोन वाजत राहतो.

बोला.

संत्रा_बाग | रविवार, रात्री ९:३१

काढू नका.

आमच्या गावच्या वाचनालयात दानात आलेले डेस्कटॉप आहेत. ३२ बिटचं विंडोज, रॅम २ जीबी. व्हर्च्युअलबॉक्सनं ३२ बिट होस्टचा (बाहेरच्या मूळ मशीनचा) आधार ६.० पासून बंद केला, त्यामुळे आम्हाला ५.२ च्या पुढे जाताच येत नाही. गेस्टचंही, म्हणजे आतल्या डेबियनचंही, तसंच. डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, म्हणून १२. या जोडीबद्दल इंग्रजीत शोधलं तर सगळे एकच सांगतात, नवीन मशीन घ्या. मराठीत आपल्या पुस्तिकेत ते पान आहे म्हणून आमची पोरं शिकतात. तेच काढायचं असेल तर वेगळी पुस्तिका हवी तरी कशाला?

बाप्पा_रे | रविवार, रात्री ९:३५

२ जीबीत विंडोज आनि त्याच्यात डेबियन! भौ, खरंच चालते का नुसतं सांगून रायले?

संत्रा_बाग | रविवार, रात्री ९:४२

चालते. डेस्कटॉप टाकायचा नाही, एवढंच पथ्य. गेस्टला ५१२ एमबी आणि नुसतं टर्मिनल. फाइली, परवानग्या, बॅश, छोटा वेब सर्व्हर, सगळं होतं. या वरुडला, दाखवतो. संत्र्याचा आंबिया बहार सुरू आहे, तेही खाऊन जा.

टर्मिनल_ताई | रविवार, रात्री १०:०५

संत्रा_बाग यांच्याशी अर्धी सहमत. ५.२ चं पान हवंच, पण ते ‘जुन्या मशिनी’ या वेगळ्या भागात हवं. या आवृत्तीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, हे वर ठळक लिहिलेलं हवं. आज ते पान नव्या पानांच्या मध्येच बसलंय. ज्याच्याकडे चांगला १६ जीबीचा लॅपटॉप आहे तोही ५.२ उतरवून घेतो आणि ‘चालत नाही’ म्हणून विचारायला येतो.

पानाला मालक नेमणं मात्र मला अजिबात पटत नाही. आपल्यातले निम्मे लोक शेती सांभाळून हे करतात. वेचणी सुरू झाली की माणूस महिना-दोन महिने गायब. शिक्षकाची बदली होते. पोरगं परीक्षेला बसतं. तोवर ते पान तसंच चुकीचं राहणार का? ज्याला चूक दिसली त्यानं दुरुस्त करावं. अट एकच, पानाच्या डोक्यावर माहिती भरल्याशिवाय बदल जतन करायचा नाही: होस्ट कोणता, व्हर्च्युअलबॉक्सची नेमकी आवृत्ती, गेस्ट कोणता, गेस्टला रॅम किती, प्रोसेसरचं मॉडेल, कोणी तपासलं, कोणत्या महिन्यात.

नुसतं ‘माझ्याकडे चाललं’ हे लिहूच नये.

बाप्पा_रे | रविवार, रात्री १०:०९

म्हंजे पानाचा सातबारा काढाचा म्हना ना ताई.

टर्मिनल_ताई | रविवार, रात्री १०:१४

हो, काढायचा! फेरफारही आपोआप मिळतो, विकीवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतोच. फक्त लोक ‘दुरुस्ती केली’ एवढंच लिहून मोकळे होतात. काय आणि का बदललं ते लिहा.

जुनं_खोड | रविवार, रात्री १०:४०

सातबारावरून आठवलं. २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून फोटो काढून पिकाची नोंद करायची. पूर्वी पेरा बसल्या जागी भरला जायचा, तूर पेरलेली असली तरी कागदावर सोयाबीन. आपल्या पुस्तिकेचा रोगही हाच आहे. लोक इंग्रजीतून वाचून लिहितात, मशीनसमोर बसून लिहीत नाहीत. मला विचाराल तर पान जुनं असण्याची भीती नाही. न पाहता लिहिलेल्या पानाची आहे.

पाटी_पेन्सिल | सोमवार, सकाळी ७:२०

मूर्तिजापूर तालुक्यातून नमस्कार. जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझी मागणी साधी आहे, मजकूर कमी करा आणि चित्रं वाढवा. आठवीचं पोरगं चार ओळींचा परिच्छेद वाचत नाही. बाण काढलेला स्क्रीनशॉट दिला की बरोबर तिथे क्लिक करतं.

टर्मिनल_ताई | सोमवार, सकाळी ८:०२

मॅडम, तुमचं पटतं, पण सगळ्यात लवकर चित्रंच नासतात. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ मध्ये, म्हणजे २०२४ मध्ये, खिडकीचा चेहराच बदलला. आता बेसिक आणि एक्स्पर्ट असे दोन प्रकार आहेत आणि बेसिकमध्ये बरेच पर्याय दिसतच नाहीत. आपली चित्रं त्याच्या आधीची. गेल्या काही महिन्यांतले ‘चित्रातलं बटण माझ्याकडे नाही’ असे प्रश्न काढून पाहा, बहुतेकांचं उत्तर एकच आहे: एक्स्पर्ट निवडा.

मजकुरातली ओळ एका मिनिटात बदलता येते. चित्रासाठी तीच आवृत्ती टाका, तिथवर जा, फोटो काढा, बाण काढा. हे कोण करणार? शिवाय एरर शोधायला गेलं तर चित्रातली अक्षरं शोधात सापडत नाहीत.

पाटी_पेन्सिल | सोमवार, सकाळी ८:१५

मी करणार. माझ्या पोरांना हवंय तर मीच करीन. पण मग मी काढलेली चित्रं ‘जड होतात’ म्हणून कोणी काढायची नाहीत. मागच्या वेळी काढली होती.

वावरातला_पेंग्विन | सोमवार, सकाळी ८:३०

मॅडमचं चित्रांचं पान वेगळं ठेवू. ‘पहिली व्हीएम’ एवढंच चित्रात, बाकी मजकुरात. चालेल?

पाटी_पेन्सिल | सोमवार, सकाळी ८:३३

चालेल. पण कोपऱ्यातल्या कासवाचं चित्रही हवं. पोरांना त्याची भारी गंमत वाटते.

बाप्पा_रे | सोमवार, सकाळी ८:३६

कासव? कोनतं कासव?

टर्मिनल_ताई | सोमवार, सकाळी ९:१०

व्हीएम सुरू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे बारीक चित्रं असतात, त्यांत कधी हिरवं कासव दिसतं. ते दिसलं की समजायचं, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय व्हर्च्युअलबॉक्सला थेट मिळालेली नाही. ती विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीनं धरून ठेवली आहे आणि आपलं काम त्याच्यामार्फत चाललंय. म्हणून गेस्ट रांगतो.

आपल्या ‘व्हीएम हळू चालते’ या पानावर फक्त ‘रॅम वाढवा’ असं आहे. कासव असेल तर रॅम वाढवून काडीचा फरक पडत नाही. विंडोजच्या फीचर्समध्ये हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बघा. कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बघा. पण सरसकट ‘बंद करा’ असं लिहू नका. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर ज्याचं डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आतलं लिनक्स) चालतं त्याचं ते बंद पडेल. काय गमावणार ते आधी लिहा, मग पायऱ्या.

धानपट्टा | सोमवार, दुपारी १:४५

साकोलीकडचा आहे, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. मुळात व्हर्च्युअलबॉक्सच कशाला? होस्टच लिनक्स करा आणि केव्हीएम ही लिनक्सचीच व्हीएमची सोय वापरा. २००७ मध्ये २.६.२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. वर व्हर्ट-मॅनेजर टाकला की खिडकीतून सगळं होतं. गेस्ट अ‍ॅडिशन्सची कटकट नाही, त्याला लागणारे व्हर्टिओचे ड्रायव्हर लिनक्स गेस्टमध्ये आधीच असतात. कासवही नाही.

संत्रा_बाग | सोमवार, दुपारी २:१०

पोरा, माझं ई-सेवा केंद्र आहे. डिजिटल सहीचं टोकन, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं विंडोजवर बसवलेलं. दाखल्याची रांग लागलेली असताना मी होस्ट बदलू? म्हणूनच तर व्हीएम.

धानपट्टा | सोमवार, दुपारी २:१६

काका, तुमचं बरोबर. पण हॉस्टेलच्या पोरांसाठी केव्हीएमचं पान हवंच. मी लिहितो. आणखी एक गोष्ट पुस्तिकेत कुठेच नाही, ती सांगतो.

७.० पासून नवी व्हीएम बनवताना आयएसओ (इन्स्टॉलच्या डिस्कची फाइल) निवडली की व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच इन्स्टॉल करून टाकतं. पोरं खूश, प्रश्न विचारणारी पाटीच नाही. मग सुरू झाल्यावर पासवर्ड विचारतं आणि कोणालाच माहीत नसतो. आपण बदललं नाही तर नाव ‘व्हीबॉक्सयूजर’ आणि पासवर्ड ‘चेंजमी’. दोन्ही इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. बरं, आत शिरलं तरी त्या नावाला सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, अधिकार नसतो, त्यामुळे साधं अपडेटही होत नाही. आमच्या मजल्यावर याच एका गोष्टीपायी किती जणांनी व्हीएम उडवून परत बनवली असेल. उपाय सोपा: आयएसओ निवडतो त्याच खिडकीत ७.० मध्ये ‘स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन’ असा चौकोन आहे, त्यावर खूण करा आणि डेबियन हातानं टाका. शिकायचंच आहे तर डिस्कची वाटणी तरी कळेल.

वावरातला_पेंग्विन | सोमवार, दुपारी २:२५

हे पहिल्या पानावर पाहिजे! माझे अर्धे फोन याचेच असतात. धानपट्टा, आजच टाक.

मेळघाटी | सोमवार, रात्री ११:५०

आत्ता रेंज आली म्हणून एकदम लिहितो.

धारणी तालुक्यात आश्रमशाळेत आहे. तुम्ही विकी, फेरफार, इतिहास वगैरे बोलताय, पण आमच्या लॅबमध्ये पुस्तिका म्हणजे छापलेले कागद. स्पायरल बाइंडिंग करून टेबलावर ठेवली आहे. नेट असेल तेव्हा तुमचं पान बघू, असा भरवसा नाही. त्यामुळे दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. पुस्तिकेत ‘नेटइन्स्ट आयएसओ घ्या, लहान आहे’ असं लिहिलंय. उतरवायला लहान, हे खरं. पण इन्स्टॉल करताना ती बाकीची पॅकेजेस नेटवरूनच ओढते. आमच्याकडे ती मध्येच लटकते आणि पोरं तासभर निळ्या पट्टीकडे बघत बसतात. आमच्यासाठी डीव्हीडी-१ ची आयएसओ बरी, जवळपास चार जीबीची. एकदा कोणीतरी अमरावतीहून आणली की झालं. आणली की आधी एसएचए२५६ (फाइल धड आहे का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहायचं. उतरवताना तुटलेली आयएसओ इन्स्टॉलच्या भलत्याच पायरीवर दगा देते आणि दोष मात्र व्हीएमला लागतो. पुढच्या पॅकेजेससाठी मी एका मशीनवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवलंय. एकानं पॅकेज उतरवलं की बाकीच्यांना ते त्याच मशीनवरून मिळतं, पुन्हा नेट लागत नाही. याचं पान मी लिहून देतो.

दुसरी. पोरं त्या छापील पुस्तिकेवर पेन्सिलीनं लिहितात. आधी मी रागावायचो, मग वाचायला लागलो. ‘उजवा कंट्रोल दाबला की माउस बाहेर येतो’ या ओळीखाली एका पोरीनं लिहिलंय: ‘या लॅपटॉपला उजवा कंट्रोल नाही.’ खरंच नाही, त्या जागी दुसरीच कळ आहे. त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘कंट्रोल अल्ट डिलीट दाब, बाहेर येते.’ आणि त्याखाली तिसऱ्या पेन्सिलीनं: ‘प्रेफरन्सेसमध्ये इनपुटमध्ये जाऊन होस्ट की बदलली. आता एफ १२.’ तुमच्या विकीवर हे तिन्ही नाही.

आता हे तुमच्यापर्यंत कसं पोचवायचं? पोरांकडे खातं नाही, ईमेल नाही. मी पानाचा फोटो काढून पाठवू शकतो, तोही रेंज असली तर. तो घेणार असाल तर घ्या.

टर्मिनल_ताई | मंगळवार, सकाळी ७:५५

फोटो पाठवा. मी उतरवून घेते. तपासणाऱ्याच्या जागी ‘आश्रमशाळा, धारणी तालुका’ लिहीन, पोरांची नावं नको.

पुस्तिका विकीऐवजी गिटवर (प्रोग्रॅमर बदल सांभाळायला वापरतात ते साधन) न्यावी असं मी सुचवणार होते. ते आता राहू दे. फोटोवरून दुरुस्ती घ्यायची असेल तर विकीच बरी.

बाप्पा_रे | मंगळवार, सकाळी ८:०४

पेन्सिलवाल्या पोरीले एक जिलबी माह्याकडून.

जुनं_खोड | मंगळवार, सकाळी १०:३०

चंद्रपूरहून. निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून काल सगळी पुस्तिका वाचून काढली.

एक गंमत आधी. तरुण मंडळींना व्हीएम नवी वाटते. आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ चं. एका मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला आपलं स्वतंत्र यंत्र असल्यासारखं वाटावं, हीच कल्पना तेव्हाही होती. आपल्या घरच्या प्रोसेसरांत ही सोय यायला २००५-०६ उजाडलं, इंटेलची व्हीटी-एक्स आणि एएमडीची एएमडी-व्ही. म्हणूनच दानात आलेल्या कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशिनींत काहींत ती आहे, काहींत नाही. ‘बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करा’ एवढंच लिहिलं तर ज्याच्या प्रोसेसरात ती नाहीच, तो दिवसभर बायोसमध्ये फिरत बसतो. आधी प्रोसेसरचं मॉडेल बघा आणि मग बायोस, असा क्रम पानावर हवा. एएमडीच्या बायोसमध्ये तिला एसव्हीएम मोड म्हणतात, हेही घाला.

आता गंभीर. नेटवर्किंगचं आपलं पान आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या विकीवरच्या पानाचं ओळीला ओळ भाषांतर आहे. कोणी केलं ते विचारत नाही. आर्च विकीचा मजकूर जीएफडीएल १.३ खाली आहे आणि आपली पुस्तिका सीसी बाय-एसए ४.० खाली. दोन्ही मुक्त परवाने असले तरी एकाखालचा मजकूर दुसऱ्याखाली तसाच टाकता येत नाही, आणि भाषांतर हे मूळ मजकुराचंच रूप धरलं जातं. माहिती कोणाच्या मालकीची नसते, मांडणी असते. म्हणून ते पान काढून आपल्या मशीनवर बघत नव्यानं लिहावं. त्यात आर्चच्या कमांड आहेत, डेबियनच्या पोराला त्यांचा तसाही उपयोग नाही.

वावरातला_पेंग्विन | मंगळवार, सकाळी ११:००

काका, हे मात्र काढतो. लगेच.

धानपट्टा | मंगळवार, दुपारी १२:२०

नेटवर्किंगचं नवं पान मी सुरू केलं. सुरुवात क्लासमध्ये हमखास येणाऱ्या प्रश्नापासून केली आहे: ‘माझा आणि बाजूच्याचा गेस्ट, दोघांचाही पत्ता १०.०.२.१५ कसा?’ कारण नॅट या नेहमीच्या नेटवर्क पर्यायात प्रत्येक व्हीएमला आपलं स्वतंत्र जाळं मिळतं, सगळ्यांना नेहमीचा पहिला पत्ता तोच. त्यामुळे ते एकमेकांना दिसत नाहीत. एकाच कॉम्प्युटरवरच्या दोन व्हीएम बोलत्या करायच्या असतील तर ‘नॅट नेटवर्क’. ब्रिज्ड (गेस्टला थेट बाहेरच्या जाळ्यावर आणणारा पर्याय) केबलवर नीट चालतं, वायफायवर भरवसा नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मला चाललं नाही, म्हणून तसं लिहून मशीनचं मॉडेल दिलंय. दुसऱ्या कोणाला चाललं असेल तर खाली आपली ओळ जोडा, माझी खोडू नका.

संत्रा_बाग | मंगळवार, रात्री १२:४०

हरभऱ्याला पाणी सुरू आहे, रात्रीची लाईन आहे. मोटर सुरू आहे तोवर जागा, म्हणून लिहितो.

लाईन जाण्याबद्दल पुस्तिकेत पान नाही! इंग्रजीत कोणी ते लिहीत नाही, कारण त्यांना ते लागत नाही. इन्व्हर्टर पिप-पिप करायला लागला की पोरं काय करतात? घाबरून होस्टच बंद करतात. त्याऐवजी व्हीएमची खिडकी बंद करायला जा आणि ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडा. गेस्टची रॅम फाइलीत लिहून ठेवली जाते, नंतर काम होतं तिथून सुरू. मात्र गेस्टला ४ जीबी रॅम दिली असेल आणि हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर लिहायलाच वेळ लागतो, तेवढ्यात अंधार. म्हणूनही जुन्या मशिनीवर रॅम कमी द्यावी.

टर्मिनल_ताई | बुधवार, सकाळी ८:१०

हे आपलं स्वतःचं पान. लिहाच. त्यात स्नॅपशॉटचंही (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घालू. बऱ्याच जणांना स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप वाटतो. स्नॅपशॉट घेतल्यावर पुढचे बदल वेगळ्या फाइलीत जातात आणि ती फाइल मूळ डिस्कवर टेकून असते. मूळ व्हीडीआय (व्हीएमच्या डिस्कची फाइल) बिघडली तर स्नॅपशॉट घेऊन काय करणार? आणि जागा भरली म्हणून कोणी फोल्डरमध्ये जाऊन स्नॅपशॉटची फाइल हातानं उडवली, तर साखळीच तुटते. काढायचा तर व्हर्च्युअलबॉक्समधून काढा. बॅकअप म्हणजे गेस्ट नीट बंद करून अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर, किंवा ओव्हीए (अख्ख्या व्हीएमची एकच फाइल) एक्स्पोर्ट.

कोरं_पान | बुधवार, सकाळी ८:४४

मेहकरचा. ओव्हीए पेनड्राइव्हवर जाईना. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आहे आणि रिकामा आहे, तरी म्हणतो फाइल फार मोठी. पेनड्राइव्ह खराब आहे का?

बाप्पा_रे | बुधवार, सकाळी ८:४७

खराब नाई भौ. फॅट३२ असन. त्याच्यात चार जीबीच्या वरची एक फाइल मावतच नाई, जागा कितीबी असू दे. एक्सफॅट कर. पन आंधी त्याच्यातलं सारं काढून घेजो, फॉरमॅटमधी सारं जाते.

टर्मिनल_ताई | बुधवार, सकाळी ८:५०

बाप्पा_रे, तुम्हाला हे येतं आणि तुम्ही नुसते विनोद करत बसता? हे पानावर लिहा.

बाप्पा_रे | बुधवार, सकाळी ८:५३

वऱ्हाडीत लिहू का?

जुनं_खोड | बुधवार, सकाळी ९:०५

लिहा. ज्याला प्रमाण मराठीत हवं असेल तो बाजूला लिहील. तुमचं पान बदलायचं नाही.

वावरातला_पेंग्विन | बुधवार, रात्री ९:२०

मूळ प्रश्नाकडे येतो. मालक नेमायचं मी सोडलं. पण काढण्याबद्दल माझं अजून पूर्ण समाधान नाही. ‘जुन्या मशिनी’ हा भाग आज सुरू केला आणि ५.२ ची पानं तिकडे नेली. ज्या पानाच्या डोक्यावर माहिती नाही, ते वर्षभर कोणी तपासलं नाही तर शोधात दिसू नये असं करतो. पुसणार नाही. लिंक असेल त्याला उघडेल. काळ्या स्क्रीनची तिन्ही पानं एकाखाली एक आणून ठेवली आहेत, डोकी रिकामी आहेत. ज्यांच्याकडे तो त्रास आहे त्यांनी आपलं मशीन लावून भरा.

संत्रा_बाग | बुधवार, रात्री ९:३५

वर्षभर कमी आहे. आमची मशीन सुरू होतात जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. मार्चनंतर कोणी हात लावत नाही. दोन वर्षं ठेवा.

टर्मिनल_ताई | बुधवार, रात्री ९:४१

जुन्या मशिनींच्या भागाला दोन वर्षं, बाकीच्याला एक. नव्या आवृत्तीचं पान दोन वर्षांचं झालं की ते बहुधा खोटं बोलत असतं.

संत्रा_बाग | बुधवार, रात्री ९:४४

ठीक. पण ५.२ च्या पानावरची ती ‘सुरक्षित नाही’ची लाल पट्टी जरा लहान करा. वाचनालयाच्या अध्यक्षांनी बघितली तर लॅबच बंद करतील.

टर्मिनल_ताई | बुधवार, रात्री ९:४६

पट्टी लहान होणार नाही काका. ‘ही मशीन नेटला जोडू नका’ अशी ओळ जोडते, ती अध्यक्षांना दाखवा.

मेळघाटी | गुरुवार, रात्री १०:१५

दोन फोटो चढले, बाकीचे अडकलेत. नवी पुस्तिका छापायची असेल तर प्रत्येक पानाखाली चार बोटं कोरी जागा सोडा, पोरं लिहितील. आणि कोणी अमरावतीला येणार असेल तर डीव्हीडी-१ आणि एक तयार ओव्हीए हवी आहे.

वावरातला_पेंग्विन | गुरुवार, रात्री १०:३०

समास खाली वाढवला. पेनड्राइव्ह एक्सफॅट करून दोन्ही टाकतो, एसएचए२५६ची चिठ्ठी सोबत. सोमवारी अमरावतीला काम आहे, तिथून परतवाड्याच्या एसटीत देईन. पुढचं तुम्ही बघा.

मेळघाटी | शुक्रवार, सकाळी ६:०५

परतवाड्याला आमचे एक सर सोमवारी मुक्कामी असतात, ते स्टँडवर घेतील. ओव्हीए ३२ बिटची नको, आमची लॅब ६४ची आहे. गेस्टला १ जीबी ठेवा.